डब्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका

आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. प्रतिकृतींच्या विभागात एका मुलाने 'स्पिटफायर' या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती मांडली होती. परदेशातल्या काकांनी संच पाठवला होता. मुलाचे काम सफाईदार होते. कुठे डिंकाचा ओघळ नाही, कुठे ब्रशाचा फराटा नाही, रंग आरशासारखा चकचकीत. शेजारी संचाच्या डब्याचे झाकण उभे करून ठेवलेले. त्यावरच्या चित्रात तेच विमान ढगांतून गोळ्या झाडत झेपावत होते. चित्र आणि प्रतिकृती यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. मी पहिला क्रमांक देऊन टाकला.

बक्षिसे वाटून झाली, टेबले आवरायला सुरुवात झाली, तेव्हा आठवीतली एक मुलगी माझ्याजवळ आली.

"सर, ते विमान तुम्ही समोरून पाहिलंत का?"

"पाहिलं की."

"मग त्याचे पंख एका रेषेत सपाट का आहेत? आमच्या वाचनालयातल्या पुस्तकात समोरून काढलेली आकृती आहे. तिच्यात पंख टोकांकडे वर उचललेले आहेत."

मी वाकून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून पाहिले. पंख खरोखरच फळीसारखे सपाट होते. डब्यावरच्या चित्रात विमान कलते वळण घेताना दाखवले होते, त्यामुळे त्यावरून काही कळणे शक्य नव्हते. आणि या मुलीने स्वतः काय मांडले होते? काळ्या पुठ्ठ्याचे कापलेले विमानांचे दोन आकार, व्हरांड्याच्या टोकाला दोऱ्याने टांगलेले, आणि खाली वहीच्या कागदावर गुणाकार-भागाकार. त्या टेबलापुढे मी अर्धा मिनिटही थांबलो नव्हतो.

त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे आणि ते मी शिक्षकांना, पालकांना व परीक्षकांना सांगत असतो. विमानांच्या प्रतिकृतींचे संच जरूर जोडावेत, पण संच जोडून संपला म्हणजे विज्ञान झाले असे समजू नये. प्रतिकृतीतले विज्ञान फूटपट्टी हातात घेतल्यावर सुरू होते. ज्याने आपली प्रतिकृती मोजली नाही त्याने खेळणे केले आहे. खेळणे करण्यात वाईट काही नाही, पण त्याला विज्ञानाचे बक्षीस देऊ नये.

आता हे मोजायचे कसे ते पाहू.

संचाच्या डब्यावर १:७२ असा आकडा असतो. खऱ्या विमानावरची ७२ सेंटिमीटर लांबी प्रतिकृतीवर १ सेंटिमीटर व्हायला हवी, असा त्याचा अर्थ. ७२ हाच विचित्र आकडा का? ज्या देशांत फूट आणि इंच चालत, तिथे ६ फुटांचे बरोबर ७२ इंच होतात. म्हणून ६ फुटांना १ इंच हा हिशेब सोयीचा. शिवाय साधारण उंच माणूस या प्रमाणात इंचभर उंचीचा होतो. ब्रिटनमध्ये १९३२ साली 'स्कायबर्ड्‌स' नावाचे लाकडी संच या प्रमाणात निघाले. १९३६ साली 'फ्रॉग' या नावाने उडती खेळणी-विमाने विकणाऱ्या कंपनीने प्लॅस्टिकचे संच काढले. ते उडत नसत, म्हणून त्यांना नाव दिले 'पेंग्विन'! (नावे ठेवण्यातही विनोद असू शकतो.) ते प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेट जातीचे होते व वर्षे गेली की वाकडे-तिकडे होई. पुढे पॉलिस्टायरीन आले. ते तापवून पातळ करतात, पोलादी साच्यात जोराने दाबून भरतात आणि थंड झाले की साचा उघडतात. तुकडे ज्या काड्यांना लटकलेले असतात, त्या काड्या म्हणजे साच्यात प्लॅस्टिक ज्या नाल्यांतून शिरले त्यांचेच ठसे.

साचा माणूस करतो आणि माणूस चुकतो. 'एअरफिक्स' या ब्रिटिश कंपनीने १९५३ साली आपला पहिला विमान-संच काढला, तो स्पिटफायरचाच. तो अमेरिकेतल्या 'ऑरोरा' कंपनीच्या मोठ्या प्रमाणातल्या संचावरून लहान करून घेतलेला होता. म्हणजे विमानाची प्रत नव्हे, प्रतीची प्रत. वर्गात एकाच्या वहीतून दुसऱ्याने गणित उतरवले की पहिल्याची चूकही सोबत उतरते, हे तुम्हांला मी सांगायला नको. १९६० साली त्याच कंपनीने नवा साचा करून स्पिटफायरचा नवा संच आणला. आजचे साचे पुष्कळ सुधारले आहेत. पण सुधारले आहेत म्हणजे किती, हे मोजल्यावाचून कसे कळणार?

तेव्हा पहिली पायरी. स्पिटफायरच्या पहिल्या प्रकाराच्या, म्हणजे मार्क १ च्या, पंखांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार ११.२३ मीटर होता आणि लांबी ९.१२ मीटर. ७२ ने भागा. विस्तार १५.६ सेंटिमीटर यायला हवा आणि लांबी सुमारे १२.७ सेंटिमीटर. फूटपट्टी लावा. एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तर घाबरू नका, कारण थंड होताना प्लॅस्टिक किंचित आकसते आणि तुमची कानसही थोडे खाते. तीन-चार मिलिमीटरांचा फरक मात्र नजरेआड करू नका. ३ मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर २१.६ सेंटिमीटर!

दुसरी पायरी त्या मुलीने मला शिकवली ती. स्पिटफायरचे पंख मुळापासून टोकाकडे सुमारे ६ अंशांनी वर चढतात. विमान एका बाजूला कलले की ते त्याच बाजूला घसरू लागते. पंख असे उचललेले असले तर खालच्या बाजूच्या पंखावर समोरून येणारी हवा अधिक मोठ्या कोनात आदळते, तो पंख जास्त उचलला जातो आणि विमान आपोआप सरळ होऊ पाहते. ६ अंश म्हणजे या प्रमाणात टोक सुमारे ७ मिलिमीटर वर. कंपासपेटीतला कोनमापक घ्या, पुठ्ठ्यातून ६ अंशांच्या दोन पाचरी कापा आणि सांधा वाळेपर्यंत पंखांखाली ठेवा. खर्च शून्य. बक्षीस मिळवणाऱ्या त्या मुलाने विमान वर्तमानपत्रावर पालथे ठेवून रात्रभर वाळवले होते, म्हणून पंख सपाट झाले होते.

आता थोडे थांबून विचारतो. पंख सात मिलिमीटर वर असले काय नि नसले काय, कुणाचे काय बिघडते?

६ सप्टेंबर १९३९ या दिवशी, दुसरे महायुद्ध पुकारल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, लंडनच्या पूर्वेला शत्रूची विमाने आल्याचा इशारा मिळाला. इशारा खोटा होता. पण तो मिळताच ब्रिटिशांची हरिकेन विमाने आकाशात चढली आणि त्यांच्या मागोमाग ब्रिटिशांचीच स्पिटफायर विमाने. काही स्पिटफायर वैमानिकांनी हरिकेनांना जर्मन विमाने समजून त्यांच्यावर झडप घातली. दोन हरिकेन पडली. पायलट ऑफिसर मॉन्टेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण ठार झाला. त्या युद्धात मृत्युमुखी पडलेला तो ब्रिटिश हवाई दलाचा पहिला लढाऊ वैमानिक. गोळ्या झाडणाऱ्या दोघा वैमानिकांवर खटला चालला व ते निर्दोष सुटले. न्यायालयाला तो अपघात वाटला. स्पिटफायरने पाडलेले पहिले विमान शत्रूचे नव्हते, हे डब्यावरच्या चित्रात तुम्हांला कधीही दिसणार नाही.

ओळख चुकण्याला किती वेळ पुरतो, याचाही हिशेब करा. पाऊण किलोमीटरवर दिसलेले विमान ताशी ४८० किलोमीटर वेगाने तुमच्याकडे येत असेल तर सहा सेकंदांच्या आत ते डोक्यावर असते. एवढ्या वेळात त्याच्या रंगाचा किंवा आकड्यांचा उपयोग नाही. दिसते ती फक्त काळी आकृती. हरिकेनचे पंख जाड, कडा सरळ, टोके गोल, विस्तार १२.१९ मीटर. स्पिटफायरचा पंख पातळ आणि कडेने लंबवर्तुळासारखा वळलेला. नाकासमोरून पाहिले तर पंखांची जाडी आणि चढण यांवरूनच फरक करायचा. आता सांगा, सात मिलिमीटर क्षुल्लक आहेत का?

म्हणूनच १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने एक गोष्ट केली, ती मला फार आवडते. विमाने ओळखण्याच्या शिक्षणासाठी त्यांना प्रतिकृती हव्या होत्या. पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येकाच्या दहा हजार, एकूण पाच लाख. त्या त्यांनी मागितल्या कुणाकडे? शाळांकडे! मुलांना तयार संच दिले नाहीत, मोजमापांचे आराखडे दिले. त्यांवरून मुलांनी लाकूड तासून, आकार ताडून, घासून, काळा रंग देऊन विमाने केली. आधी ती तपासली जात. माप चुकलेली प्रतिकृती कितीही सुबक असली तरी परत! कारण तिच्याकडे पाहून शिकणारा सैनिक चुकीचा आकार शिकला असता.

आणि त्यांचे प्रमाणही १:७२ च होते. का, ते पाहा. ३५ फुटांवर, म्हणजे सुमारे पावणेअकरा मीटरवर, टांगलेली प्रतिकृती डोळ्याशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन खरे विमान ३५ गुणिले ७२ म्हणजे २५२० फुटांवर करते. म्हणजे जवळजवळ अर्धा मैल. वर्गाच्या भिंतीशी टांगलेले लाकडी विमान पाहणाऱ्याला अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाइतके दिसते. स्पिटफायरच्या बाबतीत हा कोन सुमारे ०.८४ अंश येतो, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या दीडपटीहून थोडा अधिक. यासाठी रंग लागत नाही, प्लॅस्टिक लागत नाही, परदेशातले काकाही लागत नाहीत. व्हरांडा लागतो, पुठ्ठा लागतो आणि भागाकार यावा लागतो. आठवीतल्या त्या मुलीने नेमके हेच मांडले होते. एक आकार १५.६ सेंटिमीटर रुंदीचा, दुसरा १६.९ सेंटिमीटरांचा. 'अकरा पावलांवर उभे राहा आणि कोणते कोणते ते सांगा,' असे तिने लिहिले होते. मी सांगू शकलो नसतो.

पुन्हा त्या बक्षीसपात्र विमानाकडे येऊ, कारण त्याच्या पोटाखाली आणखी एक गंमत होती. स्पिटफायर मार्क १ च्या उजव्या पंखाखाली इंजिन थंड करणाऱ्या रेडिएटरची चौकोनी पेटी असते आणि डाव्या पंखाखाली तेल थंड करणारी एक बारीकशी नळकांडी. मुलाला वाटले, कारखान्याने एक तुकडा चुकून लहान दिला. त्याने मेहनतीने प्लॅस्टिकचे तुकडे घासून दुसरी मोठी पेटी तयार केली आणि नळकांडी फेकून दिली. हे त्याने मला अभिमानाने सांगितले होते आणि मी त्याची पाठ थोपटली होती! दोन्ही बाजू सारख्या असायलाच हव्यात, हा समज आपल्या मनात इतका पक्का असतो की निसर्गात किंवा यंत्रात असमानता दिसली की आपल्याला ती चूकच वाटते. तेव्हा संचावर आंधळा विश्वास ठेवू नका म्हणताना हेही सांगायला हवे, की स्वतःवरही ठेवू नका. इथे संच बरोबर होता आणि आम्ही दोघे चूक होतो.

गंमत अशी की पुढच्या काळातल्या मार्क ९ स्पिटफायरला खरोखरच दोन्हीकडे मोठ्या पेट्या आहेत. उंचावर हवा विरळ असते, म्हणून त्या इंजिनात हवा दोन टप्प्यांत दाबून भरत. सायकलचा पंप मारताना तो कसा तापतो हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. ही तापलेली हवा इंजिनात जाण्यापूर्वी थंड करायला आणखी एक शीतक हवा, आणि त्या शीतकाला जागा हवी. म्हणून डावीकडची बारीक नळकांडी जाऊन तिथेही पेटी आली. पोटाखालची एक पेटी पाहून विमान किती उंचीसाठी सुधारले गेले याचा अंदाज येतो. हे वाचायला शिकणे म्हणजे प्रतिकृती 'जोडणे'.

रिव्हेटांचे प्रकरणही असेच आहे. जुन्या संचांतल्या पंखांवर बारीक बारीक पुटकुळ्यांच्या रांगा असतात. मुलांना त्या फार आवडतात, 'किती बारीक काम!' म्हणून. एका पुटकुळीचा व्यास अर्धा मिलिमीटर धरा आणि ७२ ने गुणा. ३६ मिलिमीटर! आजच्या दहा रुपयांच्या नाण्याहूनही मोठ्या डोक्याचे रिव्हेट कोणत्या विमानावर असतात? आणि पंखावर फुगीर डोक्यांचे रिव्हेट चालतील की पत्र्याशी सपाट बसणारे हवेत, हा प्रश्न स्पिटफायरच्या निर्मात्यांनाही पडला होता. सपाट रिव्हेट महाग आणि वेळखाऊ. मग त्यांनी काय करावे? सपाट रिव्हेट मारलेल्या एका विमानावर प्रत्येक रिव्हेटाच्या डोक्यावर वाटाण्याची डाळ चिकटवली, म्हणजे फुगीर रिव्हेट असल्याचे सोंग झाले, आणि विमान उडवून वेग मोजला. वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरपर्यंत घटला. मग एकेका भागावरची डाळ काढत काढत पुन्हा उड्डाणे केली आणि कुठे सपाट रिव्हेट अत्यावश्यक आहेत, कुठे फुगीर चालतील, हे ठरवले. पंखांवर सपाट आले. कोट्यवधींची यंत्रे बांधणाऱ्यांनी प्रश्न सोडवला तो स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या वस्तूने. तेव्हा तुमच्या संचातल्या पंखावर पुटकुळ्या असतील तर त्या बारीक पॉलिश पेपराने खुशाल घासून टाका. कुणी विचारलेच तर त्याला डाळीची गोष्ट सांगा.

आणखी एक प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर करण्याजोगा आहे. पूर्ण भरलेल्या मार्क १ स्पिटफायरचे वजन सुमारे २६०० किलोग्रॅम. लांबी ७२ पट कमी झाली की घनफळ ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ पट कमी होते. भागाकार केला तर प्रतिकृतीचे वजन ७ ग्रॅम यायला हवे. तुमची प्रतिकृती तराजूत टाका. काटा सातच्या बराच पुढे जाईल. कारण शोधा. खऱ्या पंखांचे क्षेत्रफळ २२.५ चौरस मीटर. ते ५१८४ ने भागले की सुमारे ४३ चौरस सेंटिमीटर. पंखाची वरची व खालची पाकळी प्रत्येकी १ मिलिमीटर जाड धरली तर एकट्या पंखांचेच वजन ९ ग्रॅम होते! खऱ्या पंखावरचा पत्रा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा, आणि आपल्या प्रतिकृतीचेही प्लॅस्टिक मिलिमीटरभरच. म्हणजे प्रमाणात पाहिले तर आपण सात सेंटिमीटर जाडीच्या पत्र्याचे विमान केले आहे. खरे विमान म्हणजे जवळजवळ रिकामा फुगा असतो, ही गोष्ट माझ्या मनात कोणत्याही पुस्तकाने ठसवली नव्हती, या भागाकाराने ठसवली.

रंगाबद्दल मात्र मी थोडक्यातच लिहितो, कारण या विषयावर मोठी माणसेही हमरीतुमरीवर येतात. त्या काळची बहुतेक छायाचित्रे काळी-पांढरी आहेत. काही फिल्मना लाल प्रकाश दिसतच नसे. तशा फिल्मवर विमानावरचे लाल वर्तुळ काळे, त्याभोवतालचे पिवळे कडे गडद आणि निळा भाग मात्र फिकट येतो. छायाचित्रात गडद दिसले म्हणून गडद रंग लावला की फसलात! तसेच १९४० च्या उन्हाळ्यात विमानांच्या पोटाकडच्या भागासाठी 'स्काय' नावाचा फिकट हिरवट रंग ठरवण्यात आला. पण तो सगळीकडे वेळेवर पुरला नाही आणि काही ठिकाणी हाताशी असतील ते रंग मिसळून काम भागवले गेले. मग तुमच्या विमानाचे पोट नेमक्या कोणत्या छटेचे होते? पुष्कळदा याचे प्रामाणिक उत्तर 'कळायला मार्ग नाही' हेच असते. एक गोष्ट मात्र नक्की. लढाऊ विमान आरशासारखे चकचकीत नसे. लपण्यासाठी दिलेला रंग चमकला तर लपणार कसे?

माझ्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की ही संहाराची यंत्रे आहेत, मुलांच्या हाती कशाला द्यायची? आक्षेप पोकळ नाही. गोळ्या झाडणाऱ्या चित्राचे मला स्वतःला कौतुक नाही. पण चित्र लपवते ते मोजमाप उघडे करते, असा माझा अनुभव आहे. प्रतिकृतीत वैमानिकाची जागा किती अरुंद आहे आणि पेट्रोलची टाकी त्याच्या पुढ्यातच कशी आहे हे ज्याने पाहिले, त्याला हल्टन-हॅरॉप फक्त एक नाव राहत नाही. आपल्या भारतीय वायुसेनेच्या वैमानिकांनीही ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन आणि स्पिटफायर चालवली. ही दोन्ही विमाने दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात जतन केलेली आहेत. तिथे कधी गेलात तर विमानाच्या समोर उभे राहून पंखांची चढण आधी पाहा.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो मला अधिक खरा वाटतो. संच महाग असतात, रंग आणि हत्यारे वेगळीच. म्हणून शाळेने दहा जणांत एक संच घ्यावा, आणि तोही न जमल्यास अमेरिकेतल्या त्या मुलांप्रमाणे आराखड्यावरून पुठ्ठ्याचे किंवा हलक्या लाकडाचे विमान करावे. मला तर ते संचापेक्षाही सरस वाटते, कारण तिथे चूक झाली तर ती सर्वस्वी आपली असते. संच जोडणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. पॉलिस्टायरीनसाठी वापरतात तो द्राव म्हणजे डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभागच विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात. म्हणून तो थेंबभरच लागतो. त्याची वाफ हुंगू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, जवळ दिवा-उदबत्ती नसावी आणि पाते हाती घेताना घरातले कुणी मोठे माणूस सोबत असावे.

शाळांना माझी सूचना एवढीच आहे, की प्रतिकृतीसोबत डब्याचे झाकण मांडू देऊ नका. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढा एक कागद मागा. त्यावर तीन रकाने. मी काय मोजले, काय पुस्तकावरून घेतले आणि काय मला कळले नाही. परीक्षकाने आधी हा कागद वाचावा, मग फूटपट्टी लावावी, विमान उलटे करून पाहावे आणि रंगाचे गुण शेवटी द्यावेत.

त्या शाळेने पुढच्या वर्षी हे करून पाहिले. मला पुन्हा बोलावले होते, बहुधा प्रायश्चित्तासाठी! मागच्या वर्षीचा तो मुलगा आणि ती मुलगी यांनी मिळून त्याच स्पिटफायरचे पंख धारदार पात्याने सोडवून, पाचरी लावून पुन्हा बसवले होते. फेकलेल्या नळकांडीच्या जागी वापरलेल्या रिफिलचा तुकडा घासून बसवला होता. कापाकापीत रंग दोन ठिकाणी खरवडला होता आणि तो त्यांनी तसाच ठेवला होता. कागदावरचे पहिले दोन रकाने गच्च भरलेले होते. तिसऱ्यात लिहिले होते, 'पोटाचा रंग. डावीकडची नळकांडी नेमकी किती लांब.'

मी खिशातून फूटपट्टी काढली आणि आम्ही तिघे पंखांपासून सुरुवात करून मोजायला लागलो.